बोळके तोंड आणि कवळीची बैठक

(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी बोलावयास उभे राहणाऱ्याने संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, अशी रीत आहे. तो गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी केला आहे आणि तो यथार्थच आहे. आमच्या वाट्याला विषय आला आहे तो दातांचा; तोही गेलेल्या दातांचा. या वर्षी पांढुर्णा आणि सौंसर भागातील वृद्धांना कवळ्या मोफत बसवून देण्याचे ट्रस्टने योजिले आहे. तेव्हा कवळी म्हणजे काय आणि ती बसते कशी, हे साध्या शब्दांत सांगावे अशी आज्ञा झाली. आज्ञा आम्ही पाळतोच. मात्र त्यासोबत योजनेबद्दल एक तक्रारवजा सूचनाही करणार आहोत. ती शेवटी.

प्रथम एक प्रश्न. आपल्यापैकी किती जणांच्या घरी कोनाड्यात, देवघराशेजारच्या फळीवर किंवा कपाटात, एका डबीत कवळी ठेवलेली आहे? हात वर करू नका. म्हातारी माणसे येथेच बसली आहेत, त्यांना संकोच वाटेल. पण अशी डबी पुष्कळ घरांत आहे, हे आम्ही जाणतो. कवळी झाली, घरच्यांनी कौतुक केले, आठ दिवस तोंडात राहिली आणि मग डबीत गेली. आजी पुन्हा ज्वारीची भाकर दुधात कुस्करून खाऊ लागल्या. आजोबा संत्र्याची फोड चोखून चोथा टाकू लागले. संत्र्याच्या मुलखात राहून ही गत! घरचे म्हणतात, "त्यांना सवयच होत नाही." आमचे म्हणणे असे की, दहांतल्या निदान काही वेळा दोष म्हाताऱ्यांच्या सवयीचा नसतो, कवळीच्या बैठकीचा असतो. आजचे सारे बोलणे त्या बैठकीवर आहे.

दात वयामुळे पडतात, असा सर्वत्र समज आहे. तो खरा नाही. दात जातात ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने. वय फक्त त्या रोगांना वेळ देते. दात गेला की ज्या हाडात तो रोवलेला होता ते हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज फार होते, पुढे सावकाश होते, पण थांबत नाही. टॅलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्या माणसांचे पंचवीस वर्षांचे निरीक्षण १९७२ साली प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की, खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते. म्हणूनच "वरची बसली, खालची नाचते" ही तक्रार घरोघर ऐकू येते. त्यातही वरच्या कवळीला साऱ्या टाळूचा आधार आहे. खालच्या कवळीला मिळणारी जागा साधारण निम्मी, आणि मधोमध जीभ बसलेली. ती काही स्वस्थ बसत नाही.

कवळी तोंडात टिकते कशाने? दोन ओल्या पाट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सुटत नाहीत, सरकवाव्या लागतात. तद्वत टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो. कड नीट बंद असली तर आत हवा शिरत नाही आणि कवळी धरून राहते. म्हणून हिरड्यांचे माप दोनदा घेतात. पहिले ढोबळ, त्यावरून त्याच तोंडासाठी खास थाळी तयार होते. त्या थाळीने दुसरे माप, आणि ते घेताना गाल-ओठ हलवून कडासुद्धा घडवून घेतात. मापाचे काम महत्त्वाचे खरेच, पण त्याबद्दल अधिक सांगत नाही. कारण माप चुकले तर कवळी पहिल्याच दिवशी सुटते आणि चूक सर्वांना दिसते. बैठक चुकली तर कवळी बसते, आरशात शोभते, आणि तरीही डबीत जाते.

आता बैठक म्हणजे काय, ते पाहू. आमच्या शास्त्रात तिला जॉ-रिलेशन म्हणतात. वरच्या जबड्याशी खालच्या जबड्याचे नाते. ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांना हे नाते ठरवावे लागत नाही, कारण दातच ते ठरवतात. खालचा जबडा वर येतो, दाढ दाढेवर बसते, तेथे थांबतो. दात गेले की थांबण्याची जागा गेली. चौकट नसलेले दार जसे कोठेही जाऊन आपटावे, तसा तो जबडा होतो. म्हाताऱ्या माणसाची हनुवटी नाकाकडे चढलेली आणि पुढे आलेली दिसते, ती याच कारणाने.

जाते ज्यांनी ओढले आहे अशा माताभगिनी येथे आहेत. त्यांना हे चटकन कळेल. दोन तळ्यांमध्ये अंतर जास्त राहिले तर भरड पडते. तळी फार टेकली तर जाते जड जाते. आणि खुंटा मधून ढळला तर एका बाजूला दळले जाते, दुसरीकडे दाणा तसाच निघतो. तोंडाचेही तेच. फरक इतकाच की, जात्यात वरची तळी फिरते आणि खालची स्थिर असते. देवाने आपल्या तोंडात ते उलट केले आहे.

पहिला प्रश्न उंचीचा. येथे बसल्या बसल्या एक प्रयोग करा. ओठ मिटा, खांदे सैल सोडा, काही बोलू नका. आता सांगा, वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागले आहेत का? बहुतेकांचे लागलेले नसतील. मध्ये दोन ते चार मिलिमीटर फट असेल. ही विसाव्याची फट होय. जबड्याचे स्नायू दिवसाचा बहुतेक वेळ याच स्थितीत विसावा घेतात. दात लागतात ते फक्त चावताना आणि आवंढा गिळताना. कवळी घातल्यावरही ही फट शिल्लक राहिली पाहिजे, हा सारा मुद्दा.

ती मोजायची कशी? दात नाहीत, म्हणून हिरड्यांवर बसतील असे दोन पातळ तळ करतात आणि त्यांवर मेणाचे रूळ चढवतात. हे रूळ म्हणजे होऊ घातलेल्या दातांची जागा. नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका आणि हनुवटीवर एक ठिपका देतात. जबडा विसाव्यात असताना दोन ठिपक्यांमधील अंतर मोजतात. मग रूळांवर मिटून पुन्हा मोजतात. दुसरे माप पहिल्यापेक्षा दोन ते चार मिलिमीटरांनी कमी भरले पाहिजे. ऐकायला सोपे आहे. पण विसाव्याचे माप हे काही भिंतीचे माप नव्हे. माणूस थकलेला असला, घाबरलेला असला, मान मागे टाकून बसलेला असला, तर ते बदलते.

येथे आमचीच एक चूक सांगतो. सावरगावाकडील एका आजींची कवळी आम्ही केली होती. श्रावण संपत आला होता आणि घरच्यांची इच्छा अशी की, पोळ्याच्या आत दात बसावेत. त्यात गैर काही नव्हते. पोळा आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीवरची गोटमार, या दोन दिवसांत पांढुर्ण्यात कोणते घर पाहुण्यांवाचून असते? लेकी-जावई येणार, आजी बोळक्या तोंडाने कशा वाढतील? आम्हीही भिडेला पडलो. दोन भेटींचे काम एका भेटीत केले. आजी पहाटेच्या गाडीने निघून, उपाशी येऊन, खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या. मान मागे गेली की खालचा जबडा खाली ओढला जातो आणि ठिपक्यांमधले अंतर खोटेच वाढते. आम्ही ते एकदाच मोजले आणि खरे मानले. पोळ्याला दात बसले. सर्वांनी वाहवा केली. महिन्याभराने त्याच घरच्या एका लग्नात आम्ही जेवावयास गेलो, तेव्हा आजींनी पदराआड कवळी काढून वाटीत ठेवलेली पाहिली. आम्ही विचारले तशा त्या म्हणाल्या, "दात पाहाले चांगले हायेत बाप्पा, खाले नाही. जेवाच्या वक्ती मी काढूनच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून तपासले. विसाव्याची फट मुळी उरलीच नव्हती. उंची वाढली होती. बोलताना दात खटखट वाजत होते, संध्याकाळपर्यंत गाल दुखत होते, खालची हिरडी लाल झाली होती. स्नायूंना दिवसभर क्षणाचाही विसावा नाही, आणि कवळीखालचे हाड सारखे दाबले जाते. अशाने ते आणखी लवकर झिजते. आजींनी महिनाभर तक्रार केली नाही, कारण फुकट काम झालेले. नाव कसे ठेवावे? ही भीड आपल्या लोकांत फार आहे. त्यांची कवळी आम्ही नव्याने केली. पण त्यांचा गेलेला महिना काही परत आला नाही.

उंची कमी राहिली तर उलट प्रकार. चेहरा मिटलेला, गाल आत, चावण्यात जोर नाही, आणि ओठांचे कोपरे एकमेकांत दुमडून लाळेने ओले राहतात व चिरतात. पुष्कळ म्हाताऱ्यांचे ओठांचे कोपरे फाटलेले असतात आणि घरचे म्हणतात की, हे उष्णतेने झाले. रक्त कमी असल्यानेही कोपरे चिरतात हे खरे, परंतु कवळी जुनी असेल तर आधी तिची उंची पाहावी. दहा-पंधरा वर्षे एकच कवळी वापरल्याने दात घासून बसतात, खालचे हाड झिजते, आणि उंची न कळत उतरत जाते.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि आमच्या मते तोच अधिक कठीण. खालचा जबडा कानापुढच्या सांध्यात फिरतो. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा व मिटा, म्हणजे सांधा हाताला लागेल. तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो आणि वर पुढेही सरकतो. बिजागरी पुढे सरकते असे दार कोणत्या सुताराने केले आहे? आता, दात नसलेला माणूस पुढच्या हिरड्यांनी चावावयास शिकतो आणि त्याला जबडा पुढे काढण्याची सवय जडते. त्याला "मिटा" म्हटले की तो पुढेच मिटतो. तेथे माप घेऊन दात लावले तर कवळीत ते शोभून बसतात. पण खाताना स्नायू जबड्याला मागे, त्याच्या मूळ जागी नेतात. मग वरची दाढ एकीकडे, खालची दुसरीकडे, आणि प्रत्येक घासाला कवळी हलते.

म्हणून माणसाला ती मागची जागा सापडवून द्यावी लागते. आम्ही सांगतो, "जिभेचे टोक उलटे करून टाळूला जितके मागे नेता येईल तितके न्या, आणि मागच्या दाढांवर मिटा." काही जण वरच्या तळाच्या मागच्या भागी मेणाची गोळी लावतात आणि जिभेने ती शोधावयास सांगतात. कधी आवंढा गिळावयास लावतात. जबड्यावर जोर करून तो मागे ढकलावयाचा नाही. ढकलला की माणूस घट्ट होतो आणि उलट पुढे येतो. दोन-तीन वेळा एकाच जागी मिटले, तरच ती जागा खरी. पुष्कळ वेळा पहिल्या दिवशी हे जमत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी बोलवावे, यात डॉक्टरची अप्रतिष्ठा नाही.

रूळांची पातळीही पाहावी लागते. समोरून ती दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांना समांतर, आणि बाजूने नाकपुडीपासून कानापर्यंतच्या रेषेला समांतर. हे सारे नाते तोंडातून उचलून प्रयोगशाळेत न्यावयाचे, त्यासाठी जबड्याची नक्कल करणारे एक यंत्र असते, त्यास आर्टिक्युलेटर म्हणतात. फ्रान्समधील गारियो याने १८०५ साली साध्या बिजागरीचे असे यंत्र केल्याचे सांगतात. पुढे १८९९ साली अमेरिकेतील स्नो याने जबड्याचे सांध्याशी असलेले अंतर टिपून घेणारा धनुष्यासारखा फेसबो आणला. कवळीचा तळ पूर्वी गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराचा असे. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून तो ॲक्रिलिकचा होऊ लागला, आणि आजही बहुधा त्याचाच असतो.

आता एक गोष्ट आमच्या आवडीची. बैठक बरोबर आहे की नाही, याची उत्तम परीक्षा भाषा करते. इंग्रजी पुस्तकांत इंग्रजी शब्द दिलेले आहेत आणि आमचे तरुण डॉक्टर तेच म्हातारीकडून वदवून घेतात. ती बिचारी घाबरते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आपला हा भाग मध्य प्रदेशात राहिला, २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तरी घरातली बोली मराठीच आहे ना? मग मराठीतच विचारावे. आम्ही म्हणावयास सांगतो: "साठ, एकसष्ट, बासष्ट… सहासष्ट, सदुसष्ट." स उच्चारताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात, पण लागत नाहीत. लागले, खटकले, तर उंची जास्त. "मामा" म्हणून थांबावयास सांगावे. ओठ मिटून सुटल्यावर जबडा विसाव्याला येतो. "वावर, विहीर, वांगी" म्हणताना वरच्या दातांची धार खालच्या ओठाला कोठे टेकते, यावरून पुढच्या दातांची लांबी समजते. वावर हा शब्द तर येथील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी. त्याहून सोयीची परीक्षा कोणती?

मेणात दात लावून झाले की एकदा तोंडात घालून दाखवतात. ही भेट कुटुंबाने चुकवू नये, अशी आमची विनंती आहे. मेणातले दात हलवता येतात, ॲक्रिलिक झाल्यावर ते साधत नाही. त्या दिवशी घरातील एकाने सोबत यावे, आजोबांचा दात असतानाचा जुना फोटो आणावा, आणि "हे आमचे बाबा दिसत नाहीत" असे वाटले तर भीड न धरता तेथेच सांगावे.

कवळी हाती आल्यावर पहिले काही दिवस लाळ फार सुटते, बोलणे जड होते. त्याला भिऊ नये. रोज पंधरा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. प्रथम खिचडी, मऊ भाजी, लहान घास, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावावे. पुढच्या दातांनी तोडू नये. भाकरीकडे तीन-चार आठवड्यांनी वळावे. उत्तम कवळीलाही स्वतःच्या दातांच्या चौथाई-पाचवाई एवढाच जोर असतो, हे आधीच सांगितलेले बरे. भुट्टा दातांनी सोलून खाण्याची आशा कोणी दाखवील, तर विश्वास ठेवू नका. रात्री कवळी काढून गार पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात नाही, ती वाकते. मऊ ब्रशने व साबणाने धुवावी, आणि धुताना खाली पाण्याचे घमेले ठेवावे, म्हणजे हातून निसटली तर फुटणार नाही. टोचू लागली तर कानशीने घरी घासू नये. ती घालूनच डॉक्टरकडे यावे. डबीत घालून आणली तर कोठे टोचते ते हिरडीवर दिसत नाही.

खर्ऱ्याबद्दल येथे बोलले पाहिजे. सुपारी, तंबाखू आणि चुना यांनी गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. मापाची थाळी आत जाईल इतकेसुद्धा तोंड उघडत नाही, अशी माणसे येतात, आणि ती सगळी म्हातारी नसतात. शिवाय तोंडातील कोणतीही जखम, कवळीखालची असो वा नसो, दोन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवलीच पाहिजे. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते.

आता संगणकावर कवळ्या आखतात आणि छापतातही, हे खरे. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवणे हा पहिला पर्याय असावा, असे मत दिले. ज्यांना परवडेल त्यांनी जरूर करावे. पण यंत्र कोणतेही असो, विसाव्याची फट आणि जबड्याची मागची जागा ही त्या माणसाकडूनच काढून घ्यावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

तेव्हा आता ती सूचना. शिबिरात एका दिवशी मापे घेऊन आणि पुढच्या समारंभात पाहुण्यांच्या हस्ते कवळ्या वाटून हे काम होणार नाही. ट्रस्टने जितक्या कवळ्या जाहीर केल्या आहेत त्यांच्या निम्म्याच कराव्यात, आणि प्रत्येक माणसाला निदान पाच भेटी द्याव्यात: पहिले माप, दुसरे माप, बैठक, मेणातील दात, आणि कवळी. त्यानंतर तपासणीच्या भेटी वेगळ्या. वाचलेल्या पैशांतून वृद्धाचे आणि सोबत येणाऱ्या एकाचे गाडीभाडे द्यावे. पुष्कळ वृद्ध येत नाहीत ते दुखते म्हणून नव्हे, मुलाची मजुरी बुडते म्हणून. ज्यांचे हाड फार झिजले आहे त्यांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवावे. ते १९६८ पासून चालू आहे आणि कवळीशास्त्राचा स्वतंत्र विभाग तेथे आहे. सौंसरकरांना तर ते जवळच. अहवालात आकडा लहान दिसेल, हे आम्हाला ठाऊक आहे. विश्वस्तांनी आकड्याऐवजी, सहा महिन्यांनी किती जण कवळी घालून जेवतात, ते मोजून छापावे.

नावनोंदणी सुरू झाली की, जुनी कवळी ज्यांच्या घरी आहे त्यांनी ती डबीसकट घेऊन यावे. तुटलेली असली तरी चालेल. तिच्यावरून पुष्कळ कळते. आणि येताना जेवून या, उपाशी येऊ नका. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.